मेगालेनिया दिसल्याचा दावा कसा तपासायचा

पूर्व ऑस्ट्रेलियातल्या जंगलांतून अधूनमधून बातमी येते की भलीमोठी घोरपड रस्ता ओलांडून गेली. मग मेगालेनिया या नामशेष झालेल्या महाकाय घोरपडीचं नाव निघतं. हा प्राणी खरोखर होता. क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्समध्ये सापडलेल्या मणक्यांवरून ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५९ साली त्याचं वर्णन केलं. आपली घोरपड ज्या व्हॅरेनस वंशातली, त्यातच आता त्यालाही धरतात. क्वीन्सलँडमधल्याच रॉकहॅम्प्टनजवळच्या गुहेत अशाच एका मोठ्या सरड्याच्या कातडीतलं हाड मिळालं, ते सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचं. पण ते मेगालेनियाचं की कोमोडो ड्रॅगनचं (आज इंडोनेशियात आढळणारी मोठी घोरपड), हे ठरलेलं नाही.

लांबीचा आकडा शेवटी बघा. मेगालेनियाचा पूर्ण सांगाडा कधीच मिळालेला नाही, त्यामुळे अभ्यासकांचेच अंदाज साडेचार ते सात मीटरपर्यंत पसरलेत. पाहणाऱ्याने सांगितलेले सहा मीटर त्यात बसले, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आधी प्रदेश विचारा. पेरेंटी ही अडीच मीटरपर्यंतची घोरपड कोरड्या अंतर्भागातली. पूर्वेच्या जंगलात दोन मीटरपर्यंत वाढणारी लेस मॉनिटर ही घोरपड असते. तिची शेपटी धडापेक्षा लांब. टोक गवतात लपलं की उरलेली लांबी बघणारा मनानेच भरतो. उत्तरेकडे नदीकाठी असाल तर मगरीची शक्यता आधी तपासा.

फोटो असेल तर मूळ फाइलच मागा, पुढे पाठवलेली प्रत नको. त्याच जागी जा, कॅमेरा होता तिथेच उभे राहा आणि प्राणी होता तिथे एक मीटरची पट्टी ठेवून पुन्हा फोटो काढा. पट्टी दोन पावलं जरी पुढे आली तरी हिशेब चुकतो.

ठसे हे सगळ्यात जास्त फसवतात. ओल्या चिखलात कडा ढासळतात आणि ठसा रुंदावतो, म्हणून माप वरच्या कडेला न घेता तळाशी घ्या. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडला की दोन्ही मिळून एकच अवाढव्य पाऊल दिसतं. त्यामुळे एकुलत्या एका ठशावर विसंबू नका, सलग पाच-सहा तरी मोजा. घोरपडीच्या चारही पायांना पाच-पाच बोटं असतात, मगरीच्या मागच्या पायाला चारच.

साचा घ्यायचा तर ठशाभोवती पुठ्ठ्याची पट्टी उभी करा. दोन मापं प्लास्टर ऑफ पॅरिस एक माप पाण्यात कालवा आणि कडेने हळू सोडा. थेट मध्ये ओतलं तर नखांच्या खुणा मोडतात. अर्धा तास तरी हात लावू नका.

खरा निकाल कात किंवा विष्ठेतून लागू शकतो. विष्ठा हातमोजे घालून उचला, कोरडी करा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि तपासायचा डीएनए खराब होतो.