कुंडीतला कोवळा अळीव

डिंकाच्या लाडवात जातो तोच अळीव कोवळ्या भाजीसाठीही चालतो. किराणा दुकानातला घ्या, पण भाजलेला नको. बियाण्याच्या दुकानातलं औषध चोळलेलं रंगीत बी तर अजिबात खायला वापरू नका.

साधारण ३० × २० सेंमीचा, तळाला भोकं असलेला ट्रे घ्या. त्यात ३ सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, ओलं करून हाताने सपाट करा. वर दोन सपाट चहाचे चमचे बी भुरभुरा. बी आधी भिजवायचं नाही. पाणी लागताच प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा तयार होतो. भिजवलं तर सगळ्याचा लगदा होतो आणि ते सुटं पसरत नाही. वर माती टाकू नका. दोन दिवस झाकून ठेवा, अंकुर दिसले की उजेडात आणा.

खरी चूक होते ती पाण्यात आणि दाटीत. वरून रोज तांब्याने ओतलं की देठ बुडाशी काळे पडून आडवे होतात. म्हणून ट्रे परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग निथळू द्या. मुळांवरची बारीक पांढरी लव बुरशी समजून फेकू नका. पाणी मारलं की ती चिकटून दिसेनाशी होते. जाळ्यासारखी पसरली आणि कुबट वास आला, तर ती बुरशीच.

कोल्हापुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यातल्या दमट हवेत बी आणखी विरळ टाका.

आठ-दहा दिवसांत ५-६ सेंमी झाला की कात्रीने कापा. तिखटसर लागतो, दह्यातल्या कांद्यात आणि भाकरीसोबत झकास. पुन्हा फुटत नाही, त्यामुळे दर आठवड्याला नवा ट्रे पेरा.