विकिपीडियावर खाते ब्लॉक झाले? दाद मागताना या चुका टाळा

विकिपीडियावर प्रचालकांच्या, म्हणजे खाती ब्लॉक करण्याचा अधिकार असलेल्या स्वयंसेवक संपादकांच्या, हातूनही चुका होतात, कधी घाईने तर कधी आकसाने, आणि मराठीसारख्या लहान प्रकल्पात त्या दुरुस्त व्हायला वेळही लागतो. परंतु माझा अनुभव असा की रास्त तक्रार असलेले संपादकसुद्धा ती अशा रीतीने मांडतात की वाचणाऱ्याला ती फेटाळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मूळ अन्याय बाजूला राहतो आणि त्यानंतरच्या वागणुकीचीच चौकशी सुरू होते.

पहिली चूक म्हणजे पडद्यावरचा संदेश न वाचताच संतापणे. मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, महाविद्यालयांत विकिपीडिया कार्यशाळा होतात. संगणक कक्षातील सगळी यंत्रे एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) जोडलेली असतात आणि एका पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्याला नकार मिळाला की ‘आमच्या महाविद्यालयावर बंदी घातली’ अशी हाकाटी सुरू होते. मोबाईलच्या इंटरनेटवरही असेच घडते: दुसऱ्याच कोणाच्या उपद्रवामुळे पत्त्यांचा संपूर्ण पट्टा अडवलेला असतो आणि तुमच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नसते. ब्लॉक कोणी केला, कोणत्या कारणासाठी आणि कधीपर्यंत, हे तिन्ही तपशील त्या संदेशात असतात. ते उतरवून घेतल्याशिवाय मी कोणालाही सल्ला देत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे दुसरे खाते उघडणे. इंग्रजी विकिपीडियावर लिहिणाऱ्या एका मराठी संपादकाचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आपल्या तालुक्यातील एका गिरिदुर्गाच्या लेखात बांधकामाचा काळ चुकीचा दिला आहे, हे त्यांनी अचूक हेरले होते आणि जिल्हा गॅझेटियरची प्रतही त्यांच्या घरी होती. त्यांनी बदल केला, दुसऱ्या संपादकाने संदर्भ नाही म्हणून तो उलटवला, म्हणजे मजकूर पूर्ववत केला, यांनी तो पुन्हा घातला. चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवाउलटवी करू नये हा तेथील नियम त्यांनी मोडला आणि खाते एका दिवसासाठी ब्लॉक झाले. तेवढा दिवस थांबून लेखाच्या चर्चा पानावर गॅझेटियरचा पृष्ठ क्रमांक दिला असता, तर विषय तिथेच मिटला असता. त्याऐवजी त्यांनी त्याच संध्याकाळी नवे खाते उघडले आणि ‘वरील संपादकांचे म्हणणे अगदी योग्य आहे’ असा स्वतःलाच पाठिंबा दिला. लिहिण्याची लकबही बदलली नव्हती: प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन टिंबे आणि किल्ल्याच्या नावाचे तेच चुकीचे स्पेलिंग. तांत्रिक तपासणीत दोन्ही खाती एकाच व्यक्तीची असल्याचे दिसले आणि एक दिवसाचा ब्लॉक बेमुदत झाला. कित्येक महिन्यांनी दुसऱ्या कोणी तीच दुरुस्ती पृष्ठ क्रमांकासह केली आणि ती टिकली. एका खऱ्या जाणकाराला आपण त्या एका संध्याकाळच्या उतावळेपणापायी गमावले, याचे मला आजही वाईट वाटते.

ब्लॉक खात्यापुरता नसून खात्यामागच्या माणसाला लागू असतो. मित्राला किंवा भावाला पुढे करून तेच लिहून घेतले तरी तो त्याच नियमात बसतो. ‘घाई होती म्हणून तात्पुरते उघडले’ हे कारण मी मुळीच ग्राह्य मानत नाही, कारण ज्याला चोवीस तास धीर धरवत नाही त्याच्याशी मजकुरावर चर्चा होणे कठीण असते. ब्लॉकच्या काळात लॉगआउट करावे आणि संदर्भ वहीत टिपून ठेवावेत, हीच माझी सवय आहे. बेमुदत ब्लॉक असेल तर इंग्रजी विकिपीडियावर सहा महिने कोणत्याही खात्याने संपादन न करता मग ब्लॉक उठवण्याची विनंती करण्याचा प्रघात आहे आणि अशा विनंतीचा खरोखर विचार होतो.

विनंतीत दुसऱ्याचे गुन्हे मोजणे ही तितकीच सर्रास दिसणारी चूक आहे. ‘त्यांनीही उलटवले, मग त्यांना का नाही?’ या प्रश्नाने तुमचा ब्लॉक उठत नाही. आपण काय केले, ते नियमाविरुद्ध का ठरले किंवा का ठरत नाही, आणि यापुढे काय करणार, एवढेच लिहावे. कारवाई अन्याय्य वाटत असेल तर ‘पक्षपाती’, ‘हुकूमशाही’ अशी विशेषणे गाळून इतिहास पानावरील नेमक्या संपादनांचे दुवे द्यावेत. एक दुवा दहा विशेषणांचे काम करतो.

न्यायालयात खेचण्याची धमकी देऊ नये. ती मागे घेईपर्यंत ब्लॉक उठतच नाही. संस्थेचे किंवा दुकानाचे नाव खात्याला देऊ नये. वर्तमानपत्रातील मजकूर जसाच्या तसा चिकटवून मग बंदीबद्दल तक्रार करू नये. एकच विनंती पाच पानांवर टाकू नये. संविधानाच्या कलम १९ चा आधार इथे लागू पडत नाही, कारण ते मुख्यतः शासनावर बंधनकारक आहे.

कारवाई खरोखरच अन्याय्य असेल तेव्हाही पुरावाच उपयोगी पडतो. जून २०१९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरील ‘फ्रॅम’ या प्रचालकावर थेट एक वर्षाची बंदी घातली. निषेधार्थ अनेक प्रचालकांनी पदे सोडली, तरी बंदी उठली ती संपादकांनी निवडलेल्या लवाद समितीने प्रकरणाचे पुनरावलोकन केल्यावर, सप्टेंबरमध्ये. क्रोएशियन विकिपीडियावर प्रचालकांच्या एका गटाने विरोधी मताच्या संपादकांना वर्षानुवर्षे बाहेर ठेवले. त्याविरुद्ध २०१३ पासून जाहीर तक्रारी होत होत्या, पण गटातील प्रमुख प्रचालकावर सर्व प्रकल्पांत बंदी आली ती मेटा-विकी या सर्व प्रकल्पांच्या सामाईक संकेतस्थळावरील चर्चेनंतर, २०२० मध्ये.

मराठी विकिपीडियावरही क्रम हाच ठेवावा: आधी स्वतःच्या चर्चा पानावर विनंती, तिथे दाद मिळाली नाही तर चावडीचे, म्हणजे सामूहिक चर्चेच्या पानाचे, तिकडे लक्ष वेधणे, आणि एकाच प्रचालकाच्या कारवायांत ठरावीक साचा दिसत असेल तरच, दुव्यांसह, मेटा-विकी. तेथील स्टुअर्ड (सर्व प्रकल्पांत अधिकार असलेले स्वयंसेवक) स्थानिक प्रचालकांचे निर्णय सहसा फिरवत नाहीत, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे धाव घेण्यात अर्थ नसतो.