विनोदी रिव्ह्यू बघा, पण त्यातली तक्रार तेवढी उचला

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही आणि नवा व्हिडिओ गेम घ्यायची इच्छा नेमकी तेव्हाच होते. त्याआधी विनोदी रिव्ह्यू जरूर बघा, मात्र त्यावरून निकाल लावू नका. समीक्षक बेन क्रॉशॉने २००७ मध्ये ‘झिरो पंक्च्युएशन’ ही गेमच्या विनोदी रिव्ह्यूंची व्हिडिओ मालिका सुरू केली, त्यात चिमटे काढण्यावरच भर होता. कौतुकाने हशा पिकत नाही, म्हणून दोष फुगवून सांगितले जातात. पण ते बहुतेक वेळा खरे असतात! ‘कॅमेरा भिंतीत अडकतो’, ‘तेच मिशन पुन्हा पुन्हा’ असं काही ठोस ऐकलं तर लक्षात ठेवा. ‘कंटाळवाणा’ म्हटलं तर सोडून द्या, ती ज्याची त्याची आवड.

तुम्ही खेळलेल्या एखाद-दोन गेमबद्दल तोच रिव्ह्यू करणारा काय म्हणाला होता, हे आधी तपासा. मला ही कसोटी सर्वांत भरवशाची वाटते. मग कुणीतरी तो गेम खेळतानाचा न कापलेला व्हिडिओ थोडा वेळ बघा.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात ती तक्रार स्वतः पडताळून घ्या. नवी पेठेत डिस्क घेणार असाल तर डिस्क परत घेतात का, हे बिल करण्याआधीच विचारा.