४ जानेवारीचा दिनविशेष : नोंदी निवडण्याची आणि पडताळण्याची रीत

शाळेचा फळा असो, संस्थेचे वार्तापत्र असो वा सकाळचे प्रसारण असो, दिनविशेष लिहिणाऱ्याने प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : ही तारीख कोणत्या दिनदर्शिकेतील आहे, ती कोणत्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे धरली आहे आणि ती मुळात कोणी ठरवली. उत्तर गोलार्धातील भर हिवाळ्यातला ४ जानेवारी हा दिवस ही रीत समजावून घेण्यास विशेष सोयीचा आहे, कारण या तिन्ही प्रश्नांची गाठ त्या एकाच तारखेत पडते.

सुरुवात ऐतिहासिक नोंदींपासून करावी, कारण पडताळणीला सर्वाधिक वेळ त्यांनाच लागतो. आयझॅक न्यूटन यांची जन्मतारीख काही ठिकाणी २५ डिसेंबर १६४२ अशी, तर काही ठिकाणी ४ जानेवारी १६४३ अशी दिलेली आढळते, आणि दोन्ही बरोबर आहेत. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये सुधारलेली दिनदर्शिका इंग्लंडने तोवर स्वीकारलेली नव्हती. तेथे जुनी जुलियन दिनदर्शिकाच चालू होती आणि ती त्या शतकात १० दिवस मागे होती. इंग्लंडने १७५२ मध्ये बदल केला, तेव्हा हा फरक ११ दिवसांवर गेला होता आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून न्यूटन यांची नोंद ४ जानेवारीला घ्यायची असेल, तर तारीख नव्या दिनदर्शिकेची असल्याचे त्याच वाक्यात सांगावे. गॅलिलिओ ज्या वर्षी निवर्तले त्याच वर्षी न्यूटन जन्मले, हे वारंवार छापले जाणारे विधान याच निष्काळजीपणातून आलेले आहे. गॅलिलिओंचा मृत्यू नव्या दिनदर्शिकेप्रमाणे ८ जानेवारी १६४२ रोजी झाला, त्यामुळे त्याच गणनेने न्यूटन पुढच्या वर्षीचे ठरतात. दोघांच्या तारखा जुन्या गणनेने घेतल्या तरी गॅलिलिओंचा मृत्यू डिसेंबर १६४१ मध्ये जातो आणि वर्षे वेगळीच राहतात. एकाची तारीख नवी आणि दुसऱ्याची जुनी घेतली, तरच हा योग जुळतो. असा योग कितीही आकर्षक वाटला तरी तो वगळावा.

घड्याळाचा प्रश्न अलीकडच्या घटनांत अधिक येतो. स्पिरिट हे फिरते यान मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरले, तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार ४ जानेवारी २००४ ची पहाट होती. परंतु ज्या कॅलिफोर्नियातून मोहिमेचे नियंत्रण चालले होते, तेथे ३ जानेवारीची रात्र होती. अवकाशातील घटनांसाठी जागतिक प्रमाणवेळ धरावी आणि ती धरल्याचे लिहावे. सुमारे ९० मंगळ-दिवसांसाठी आखलेल्या या यानाचा संदेश २०१० च्या मार्चपर्यंत येत राहिला, ही माहिती जोडली तर नोंद नुसत्या तारखेपुरती उरत नाही.

मात्र या दिवशी एकच नोंद सविस्तर द्यायची असेल, तर ती लुई ब्रेल यांची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅरिसजवळच्या कूप्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी जन्मलेल्या या मुलाला वयाच्या तिसऱ्या वर्षी, घोड्यांचे साज बनवणाऱ्या वडिलांच्या कार्यशाळेत आरीने डोळ्याला इजा झाली आणि संसर्ग पसरून दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. शार्ल बार्बिए या फ्रेंच सेनाधिकाऱ्यांच्या, बोटांनी वाचायच्या बारा उठावदार टिंबांच्या लिपीवरून त्यांनी किशोरवयातच सहा टिंबांची लिपी घडवली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. टिंबांची संख्या निम्मी केल्याने पूर्ण अक्षर बोटाच्या एका स्पर्शात मावू लागले, आणि सहा टिंबांतून ६३ वेगवेगळ्या खुणा मिळतात. वाचकाला नेमके असे कारण हवे असते. ‘थोर संशोधक’ या विशेषणाने त्याच्या हाती काही लागत नाही. जयंतीचा आकडा लिहिताना चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करावे. २००९ मध्ये ब्रेल यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण झाली, तर २०० वे वर्ष त्याआधी एक वर्ष, म्हणजे ४ जानेवारी २००८ रोजी सुरू झाले होते. या दोन गोष्टींची गल्लत फार वेळा होते.

पाळल्या जाणाऱ्या दिवसांबाबत तो दिवस कोणी घोषित केला एवढे शोधले की बहुतेक काम होते. जागतिक ब्रेल दिन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ मध्ये घोषित केला आणि २०१९ पासून तो पाळला जातो. ज्या दिवसाचा घोषणाकर्ता सापडत नाही, तो घेऊ नये. काही दिवस तारखेला नव्हे, तर वाराला बांधलेले असतात. जागतिक कुष्ठरोग दिन जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येतो, म्हणून मागील वर्षाची यादी जशीच्या तशी उतरवू नये.

रंजक माहिती त्या दिवसाशी खरोखर निगडित असावी. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या आरंभी त्याहून सुमारे ५० लाख किलोमीटर अधिक दूर जाते. तरीही उत्तरेकडे थंडी असते, कारण ऋतू अंतरावर नव्हे, तर पृथ्वीच्या कललेल्या आसावर अवलंबून असतात. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, हेही सांगावे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा क्षण दर वर्षी थोडा मागेपुढे सरकतो, म्हणून नेमकी तारीख त्या वर्षाच्या खगोलीय पंचांगातूनच घ्यावी. ३ आणि ४ जानेवारीच्या सुमारास क्वाड्रंटिड उल्कावर्षावही भरात असतो, पण तो भर काही तासांचाच असतो. म्हणून वाचकांना पहाटेपूर्वीची वेळ सुचवावी आणि चंद्रप्रकाशाचा अडथळा असेल तर तसे लिहावे.

हवामान सर्वांत शेवटी, त्याच दिवशी सकाळी लिहावे. किमान तापमान बहुधा सूर्योदयाच्या आसपास किंवा त्यानंतर थोड्या वेळाने नोंदले जाते, त्यामुळे मध्यरात्रीचा आकडा किमान म्हणून देऊ नये. तापमापक सावलीत, खेळत्या हवेत आणि जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा. भिंतीला टेकवलेल्या तापमापकावर भिंतीच्या उष्णतेचा परिणाम होतो. दृश्यमानता एक किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच धुके म्हणावे, त्याहून अधिक असेल तर विरळ धुके लिहावे. ‘सरासरीपेक्षा थंड’ असे म्हणायचे असल्यास त्या ठिकाणच्या ३० वर्षांच्या सरासरीशी तुलना करावी. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड प्रमाण मानला जातो. सर्वांत लहान दिवस डिसेंबरमध्येच, २१ किंवा २२ तारखेला होऊन गेलेला असतो, तरी जमीन आणि समुद्र मिळणाऱ्यापेक्षा अधिक उष्णता गमावत राहिल्याने कडाक्याची थंडी बहुधा त्यानंतर काही आठवड्यांनी येते. सूर्योदयही लगेच लवकर होऊ लागत नाही : मध्य अक्षांशांवर वर्षातील सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या आरंभी होतो आणि विषुववृत्ताकडे जावे तशी त्याची तारीख आणखी पुढे सरकते. म्हणून सूर्योदयाची वेळ दुसऱ्या शहराच्या तक्त्यावरून न घेता आपल्याच अक्षांश-रेखांशासाठी काढावी आणि तापमानाच्या आकड्याशेजारी मोजणीची वेळ अवश्य लिहावी.