ड्रॅग कारसाठी हेडर आणि कलेक्टरचे माप कसे ठरवावे

हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा जळका वायू वेगळ्या पाइपने (प्रायमरीने) बाहेर नेणारा संच, आणि ते पाइप जिथे एकत्र येतात तो कलेक्टर. हेडर निवडताना बहुतेकांची नजर डायनोच्या (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावरील सर्वोच्च अश्वशक्तीवर असते. पाव मैलाच्या धावेत मात्र इंजिन त्या बिंदूवर क्षणभरच टिकते. म्हणून पाइपचा विचार करण्याआधी दोन आकडे लिहून घ्यावेत : गिअर कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्या असताना) बदलला जातो आणि बदलल्यावर इंजिन कुठवर खाली येते. पॉवरग्लाइड या दोन गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर १.७६ असेल, तर ७००० वरून नुसत्या गुणोत्तराच्या हिशेबाने इंजिन ४००० च्या किंचित खाली यायला हवे. पण जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमपर्यंत घसरू देणारा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा द्रवाचा दुवा) घसरत राहून त्याला बराच वर रोखून धरतो. खरा तळ डेटा लॉगरमध्येच पाहावा. हलकी गाडी आणि सैल कन्व्हर्टर असेल तर या दोन आकड्यांमधला पट्टा अरुंद राहतो आणि मोठी प्रायमरी खपून जाते. जड गाडीत घट्ट कन्व्हर्टर असेल, तर तीच प्रायमरी सुरुवातीचा वेग मारते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच पाइपमध्ये वायूच्या लोंढ्याबरोबर दाबाची एक लहरही निघते. तप्त वायूत ती सेकंदाला साधारण ५०० ते ६०० मीटर वेगाने धावते, कलेक्टरपाशी क्षेत्रफळ एकदम वाढताच ऋण दाबाची लहर होऊन परत फिरते आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याच्या काळात, म्हणजे ओव्हरलॅपमध्ये, पोचली तर उरलेला जळका वायू ओढून घेऊन पिस्टन खाली जाण्यापूर्वीच ताजे मिश्रण आत खेचू लागते. ती कधी पोचेल हे मुख्यतः लांबीवर, आणि किती जोरात पोचेल हे मुख्यतः व्यासावर ठरते. व्यास जास्त असला तर कमी आरपीएमला प्रवाह मंदावून जळका वायू उलटा फिरतो. कमी असला तर वरच्या आरपीएमला तो ढकलण्यात पिस्टनची शक्ती वाया जाते.

व्यासासाठी प्रचलित सूत्र असे : एका सिलिंडरचे घनइंच गुणिले टॉर्क सर्वोच्च हवा तो आरपीएम, भागिले ८८,२००, येणारे उत्तर म्हणजे पाइपच्या आतील छेदाचे क्षेत्रफळ, चौरस इंचांत. ३५० घनइंचाच्या व्ही-८ मध्ये एका सिलिंडरला ४३.७५ घनइंच येतात. टॉर्क ४८०० ला हवा असेल, तर क्षेत्रफळ २.३८ चौरस इंच आणि आतला व्यास १.७४ इंच निघतो. १८ गेजच्या पाइपची जाडी ०.०४९ इंच असल्याने बाहेरचा व्यास १.८४ होतो, म्हणजे बाजारातील १-७/८ इंची पाइप जवळचा ठरतो. हेडरचे माप बाहेरून सांगितले जाते, हे विसरल्यास हिशेब एक पायरी चुकतो.

लांबीसाठी, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तळबिंदूच्या (पिस्टन सर्वांत खाली असतो त्या क्षणाच्या) जितके अंश आधी उघडतो त्यात १८० मिळवावेत, बेरजेला ८५० ने गुणून अपेक्षित आरपीएमने भागावे आणि ३ इंच वजा करावेत. ८० अंश आणि ७००० आरपीएम धरल्यास सुमारे २८.६ इंच येतात. हा केवळ आरंभबिंदू समजावा. चारही पाइप तंतोतंत समान करण्याच्या हट्टापायी तीव्र वळणे घालण्यापेक्षा इंच-दोन इंचांचा फरक सोसलेला बरा.

कलेक्टरकडे मात्र फार दुर्लक्ष होते, आणि स्वस्तात वेळ कमी करण्याची जागा नेमकी तीच आहे. व्यास प्रायमरीच्या पावणेदोन पटींच्या आसपास धरावा : १-३/४ इंचाला ३, तर २ इंचाला ३-१/२. लांबी वाढवल्यास टॉर्क खालच्या आरपीएमकडे सरकतो, कमी केल्यास वरच्या. त्यामुळे वेगवेगळ्या लांबीचे, बोल्टने बसणारे जोडतुकडे करून ठेवावेत. लांब जोडतुकड्यावर रंगाची उभी रेघ ओढायची, धाव घ्यायची आणि रंग जिथवर जळला तिथे तुकडा कापायचा, ही जुनी युक्ती सुरुवातीला उपयोगी पडते. अंतिम निकाल मात्र टाइमस्लिपचाच, म्हणजे धावेच्या वेळा दाखवणाऱ्या चिठ्ठीचाच, मानावा. शिवाय व्ही-८ मधील सिलिंडर पेटण्याच्या १-८-४-३-६-५-७-२ या क्रमात डाव्या बाजूचे ५ व ७ आणि उजव्या बाजूचे ८ व ४ अवघ्या ९० अंशांच्या अंतराने पेटतात. त्यांचे स्पंद कलेक्टरमध्ये एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पाइप निमुळते होत एकत्र येणारा मर्ज कलेक्टर साध्या कलेक्टरपेक्षा उजवा ठरतो. टॉप फ्युएल या ड्रॅग शर्यतीच्या वर्गातल्यासारख्या सुपरचार्जरच्या इंजिनांना हे गणित लागू नाही. तिथे कलेक्टर नसतोच.

चाचणी एकाच दिवशी, हवामानाची नोंद ठेवून, एका वेळी एकच बदल करून घ्यावी. पहिल्या ६० फुटांचा वेळ वाढला आणि शेवटचा वेग चढला, तर टॉर्कचा पट्टा वर सरकला आहे. हेडर बदलण्याआधी कलेक्टर लांब करून पाहावा. ६० फूट सुधारले पण वेग पडला, तर उलट करावे. दोन्ही बिघडले, तर पाइपला दोष देण्याआधी मिश्रण आणि प्रज्वलन तपासावे, कारण हेडर बदलताच सिलिंडरमध्ये येणारी हवा बदलते आणि जुने जेटिंग (कार्ब्युरेटरमधील इंधनछिद्रांचे माप) जुळेलच असे नाही. ऑक्सिजन सेन्सर शक्य तितका आत, पाइप एकत्र येतात त्या जागेजवळ लावावा. आखूड उघड्या कलेक्टरमध्ये कमी आरपीएमला बाहेरची हवा शिरते आणि मिश्रण पातळ (इंधन कमी असलेले) नसतानाही तसे दिसते, म्हणून पूर्ण थ्रॉटलवरील वाचनेच ग्राह्य धरावीत.