प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचे आत्मकथन वाचून अभिप्राय कसा लिहावा

अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यविशारदाचे आत्मकथन वाचून झाले की इंदूरच्या आमच्या वाचक मंडळात जे अभिप्राय येतात, त्यांतील निम्म्यांत 'डॉक्टर म्हणजे देवच' एवढेच असते आणि उरलेल्यांत पुस्तक बाजूला राहून स्वतःच्या आजारपणाची हकिकत येते. दोन्ही मनापासून लिहिलेले असले, तरी ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याच्या हाती काही लागत नाही.

वाचतानाच प्रत्येक प्रसंगाचे साल पेन्सिलीने समासात टिपावे. बॉस्टनला १९५४ साली मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांत, म्हणून रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारण्याचा, प्रश्न आला नाही. केप टाउनला डिसेंबर १९६७ मध्ये दुसऱ्याचे हृदय बसवलेला रुग्ण मात्र १८ दिवसांनी न्यूमोनियाने दगावला, कारण रिजेक्शन रोखणारी औषधे संसर्गाशी झुंजण्याची ताकदही काढून घेत. रिजेक्शन अधिक नेमकेपणाने रोखणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले ते १९८०च्या दशकात. त्याआधीचे मृत्यू वाचून 'ही शस्त्रक्रिया करूच नये' असे अभिप्रायात लिहू नये.

मग दात्याला शोधावे. माझ्या मते अभिप्रायाचा कस इथे लागतो. काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते, त्यामुळे लेखकाची नजर घड्याळावर असते आणि प्रकरणाला आपोआप वेग येतो. त्या वेगात दात्याच्या घरच्यांच्या वाट्याला किती ओळी आल्या, त्या मोजाव्यात. आपण वाचकही याच चुकीचे धनी आहोत: ग्रीन कॉरिडॉरमधून, म्हणजे रहदारी थांबवून मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून, अवयव नेणारी रुग्णवाहिका किती मिनिटांत विमानतळावर पोचली, हे इंदूरकरांना पाठ असते, पण अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या आपल्या कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यूच्या चाचण्या चार डॉक्टरांच्या मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात, आणि ते सहा तास बाहेरच्या बाकावर कोणी तरी बसून काढलेले असतात, हे आपण विसरतो. परदेशी पुस्तकातील नियम वेगळे असू शकतात, तेव्हा तुलना करायची तर तसे स्पष्ट लिहावे.

स्वतःचा अनुभव वर्ज्य नाही, मात्र तो पुस्तकातील एखाद्या वाक्याला टेकलेला असावा. नवऱ्याला किडनी दिलेल्या एका काकूंनी बैठकीत एकाच ओळीवर बोट ठेवले होते. "दात्याला सातव्या दिवशी घरी सोडले, असं लिहिलंय. घरी गेल्यावर कुशीवर वळताना काय होतं, ते यांना कोणी विचारलं नाही वाटतं." लेखक कोठे थांबला, हे त्यांच्याइतके नेमके आमच्यापैकी कोणीही सांगितले नव्हते. त्यांचे म्हणणे अभिप्रायात घेण्यापूर्वी मी त्यांना विचारले. घ्या म्हणाल्या, पण नाव घालू दिले नाही.