भिंगरीचं कच्चं ताट, काट्यावर मोजून

विट्यात माझं किराणा दुकान आहे. दहा ग्रॅम वेलदोडे असले तरी काट्यावर घातल्याशिवाय हातातनं सुटत नाहीत. पण भिंगरीला, म्हणजे आमच्या कारवान कुत्रीला, कच्च्या मांसावर आणलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मी ही सवयच विसरलो. चिकनवाला पिशवीत जे भरेल ते तिच्या पुढ्यात. एकदा कलेजी स्वस्त मिळाली म्हणून अर्धा किलो घातली. रात्रभर तिला डांबरासारखे ढाळ, आणि मी बॅटरी घेऊन परसात तिच्या मागं मागं. सकाळी दुकानातला जुना काटा घरी नेला, तो अजून घरीच आहे.

हिशोब सोपा आहे. धडधाकट, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न रोज लागतं. भिंगरी २४ किलोची. अडीच टक्क्यांनी ६०० ग्रॅम. कच्चं खायला घालणाऱ्यांत ८०-१०-१० हे प्रमाण चालतं: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के गुर्दा किंवा तिल्ली. म्हणजे ४८० ग्रॅम मांस, ६० ग्रॅम हाड, ३० ग्रॅम कलेजी, ३० ग्रॅम गुर्दा.

आता ६० ग्रॅम हाड म्हणजे काय, इथं सगळे अडखळतात. हाड सुटं मोजायचं नसतं. कोंबडीची मान कातडीसकट घेतली तर तिच्यात एक तृतीयांशाहून थोडं जास्त हाड असतं. १७० ग्रॅम माना घातल्या की ६० ग्रॅम हाड आलं, आणि त्यांना चिकटलेलं शंभरेक ग्रॅम मांसही आलं. उरलेलं ३७० ग्रॅम मांस वेगळं घालायचं. आपल्याकडं मात्र चिकनवाले मान सोलून देतात. कातडी गेली की हाडाचा वाटा एकदम वाढतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. कातडीसकट माना मागितल्या तर तो चमत्कारिक बघेल. बघू दे.

दिल आणि पेठा हे दिसायला आतडी-कलेजीच्या रांगेतले, पण मोजायचे मांसात. मी ३७० ग्रॅममध्ये थोडे पेठे घालतोच, स्वस्त पडतात. बाकी मांस रेड्याचं, मिरजेहून महिन्यातून दोनदा. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं लाल मांस म्हटलं की रेडा-म्हैस नाहीतर शेळी-मेंढी. बोकडाचं परवडत असेल त्यानं घालावं. डुक्कर कच्चं अजिबात नको.

शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजी-फुफ्फुसाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आमचा भाग मेंढरांचा. खाटकाकडं कलेजी उलटीपालटी करून बघा. पाण्यानं भरलेली पांढरट गाठ दिसली तर ती कलेजी घेऊ नका, तिथं फिरणाऱ्या कुत्र्यांनाही टाकू देऊ नका. त्या गाठीतून कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे जंत, होतात, त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात होतात. चांगली दिसणारी कलेजीसुद्धा मी उणे १८ ते २० अंशांवर दहा दिवस ठेवल्याशिवाय घालत नाही. जंताचं औषधही डॉक्टरांना विचारून ठरल्या वेळी देतो. देताना प्राझिक्वांटेल असलेलं मागतो, कारण साध्या जंताच्या गोळीनं पट्टकृमी जात नाहीत.

गोठवल्यानं जंत मरतात, पण साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू मरत नाही. भिंगरीला त्यानं काही होणार नाही कदाचित, पण तिच्या तोंडातून, शीतून तो घरात येतो. आमच्या घरात आई ऐंशीच्या पुढची, त्यात माळकरी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या फ्रिजात ते येणार नाही." बरंच झालं. आइस्क्रीमवाल्याचा जुना डीप फ्रीझर घेऊन गाडीच्या शेडमध्ये ठेवला. विळी वेगळी, पाट वेगळा, परात वेगळी. जेवण परसातल्या फरशीवर स्टीलच्या थाळीत, वीस मिनिटांत जे उरेल ते उचलायचं, फरशीवर गरम पाणी आणि साबण. खाऊन झाल्यावर तासभर तिनं कुणाचं तोंड चाटायचं नाही, हा नियम तिला सोडून सगळ्यांना कळलाय.

घरात तान्हं मूल असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर हा उद्योगच करू नका. पिल्लांनाही मी कच्च्यावर वाढवणार नाही. वाढत्या हाडांना कॅल्शियम कमी पडलं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट, आणि ते घरच्या काट्यावर साधत नाही. ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाला सूज येऊन गेलीय त्यालाही नको.

आमच्या डॉक्टरांना हा प्रकार पसंत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये याच्या विरोधातच मत दिलं. दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून कच्च्या हाडा-मांसाचा पुरस्कार केला. मला विचाराल तर भिंगरीचे दात साफ आहेत आणि शी कमी झालीय. याहून मोठे चमत्कार मी पाहिले नाहीत. तिची आई आटपाडीकडच्या तांड्यावर भाकरी-दुधावर वाढली आणि सशामागं हिच्यापेक्षा जास्त पळायची.

सुरुवात करताना घाई नको. पहिला आठवडा एकच मांस, बिनहाडाचं चिकन. दुसऱ्या आठवड्यात माना. तिसऱ्यात कलेजी, तीही नखाएवढ्या तुकड्यापासून. काय कमी-जास्त झालं ते शी सांगते. पांढरी, खडूसारखी भुगा होणारी असली आणि कुत्रं कुंथत असलं, तर हाड जास्त. काळी पातळ असली तर कलेजी जास्त. रोज सकाळी बघायचं, किळस धरून चालत नाही.

हाड कच्चंच. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं; रविवारच्या रश्श्यातली हाडं प्रेमानं घालणारे पाहुणे मी दारातच अडवतो. बोकडाची नळीही नको, ती कच्ची असली तरी दाढ तुटते. भिंगरी हावरट, म्हणून मान मी दुसऱ्या टोकाला धरून चावायला लावतो. ज्याला हे जमणार नाही त्यानं मान खिमा करून आणावी.

एवढं करूनही ८०-१०-१० पुरं पडत नाही. जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांची तूट राहते. मी आठवड्याला तीन अंडी आणि दोनदा तारली घालतो. तारली उकडून, कारण कच्च्या तारलीत बी-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो आणि तो शिजवल्यावर जातो. बाकीचं डॉक्टरांशी बोलून, त्यांची बोलणी खाऊन. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे थाळीच्या आसपास नकोत. आमच्या भागात द्राक्षबागा जिकडंतिकडं, म्हणून हे दोनदा सांगतो.

बर्ड फ्लूची बातमी आली की चिकन कच्चं बंद. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं गेले, तेव्हापासून मी बातमी खरी की खोटी याची वाट बघत बसत नाही.

राहता राहिली वीज. ती गेली की फ्रीझरचं झाकण उघडायचं नाही. भरलेला असला तर दिवसभर तग धरतो. उघडल्यावर मांसात बर्फाचे खडे असतील तर पुन्हा गोठवा. नुसतंच गार पण मऊ असेल तर बिनहाडाचं त्याच दिवशी शिजवून भातात घाला. वास आला असेल तर त्यातलं काहीच वापरू नका. मऊ पडलेल्या मानांची मात्र दया करू नका. त्या शिजवून घालता येत नाहीत, म्हणून शेडमागं दोन हात खड्डा घ्या आणि वर दगड ठेवा. नाहीतर रात्री भिंगरी स्वतःच उकरून काढते.